कालपर्यंत कॉलेजचा कॅप्टन, आजपासून असिस्टंट कोच: या चुका टाळा

विद्यापीठाच्या फुटबॉल टीममधून खेळलेला पोरगा पदवी हातात पडली की दोनपैकी एका वाटेला लागतो. एक तर नोकरी धरतो आणि रविवारी गांधी मैदानात जाऊन घाम काढतो, नाहीतर एखाद्या शाळेच्या किंवा ॲकॅडमीच्या कोचचा असिस्टंट होतो. दुसऱ्या वाटेचे दर हंगामाला माझ्याकडे कुणी ना कुणी येतातच. कोल्हापुरात पेठेच्या टीमचा शर्ट एकदा अंगात घातला असेल, शाहू स्टेडियमवर एखादा गोल मारला असेल, तर शाळेच्या पोरांसाठी तो हिरोच. तेविशीतल्या पोराला पहिल्याच दिवशी मैदानभर ‘सर, सर’ ऐकू येतं आणि बिघडायला तिथूनच सुरुवात होते.

खेळ येतो सगळ्यांना, त्याबद्दल तक्रार नाही. पण चुका इतक्या ठरलेल्या असतात की आता लिहूनच काढतो. पुढचा आला की आधी हे वाचायला देईन.

सरावात स्वतः खेळायला उतरणं

सगळ्यात जुना आणि सगळ्यात चिवट रोग. पोरांची सात-सातची मॅच लावायची, एका बाजूला एक कमी पडतोय म्हणायचं आणि स्वतः घुसायचं. पाच मिनिटं बरी जातात. मग तेरा वर्षांचा एखादा धीट गडी सरांच्या पायातला बॉल काढून घेतो, बाकीची पोरं हसतात आणि सरांच्या अंगात आंतरविद्यापीठाची फायनल संचारते.

असाच एक होता. लेफ्ट विंगर, म्हणजे डाव्या कडेनं चढाई करणारा, पाय सोन्याचा. चौदा वर्षांखालच्या पोरांत उतरला आणि आमच्या राइट बॅकला, म्हणजे उजव्या बाजूच्या बचावपटूला, त्याच बाजूनं, त्याच चालीनं लागोपाठ तीनदा काढलं. पोरं टाळ्या वाजवतायत, हा खुशीत. चौथ्या वेळी तो राइट बॅक पेटून अंगावर गेला. सरांनी सवयीप्रमाणे खांदा मध्ये घातला. एकीकडे सत्तर किलोचा गडी, दुसरीकडे त्याच्या निम्म्या वजनाचं पोर. पोरगं हातावर पडलं, मनगट मोडलं, प्लास्टर चढलं आणि शाळांच्या सुब्रतो कपच्या जिल्हा फेऱ्या त्यानं पॅव्हेलियनच्या पायऱ्यांवर बसून बघितल्या. त्याच्या आईला तोंड कुणी द्यायचं? मीच दिलं.

पण मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. संध्याकाळी त्या असिस्टंटला बसवून विचारलं, “त्या अर्ध्या तासात आपला गोलकीपर बॉल कुणाकडे टाकत होता?” आठवेना. “दोन्ही स्टॉपर, मधले बचाववाले, एका रेषेत होते की एक मागे राहत होता?” माहीत नाही. “सेंटरला जो नवा पोरगा खेळवला, तो बॉल यायच्या आधी मान वळवून बघतो का?” गप्प. अर्धा तास तो मैदानाच्या मधोमध होता आणि बॉल सोडून त्याला काहीच दिसलं नव्हतं. खेळाडूला तेवढंच दिसतं, त्यात गैर काही नाही. पण मला आणखी एक खेळाडू नको होता, डोळ्यांची दुसरी जोडी हवी होती.

तेव्हापासून माझ्याकडे नव्या असिस्टंटला पहिला महिना बॉलला पाय लावायची बंदी. वही-पेन घेऊन गोलच्या मागं उभं राहायचं, एक पोरगा निवडायचा आणि दहा मिनिटं फक्त त्याच्याकडे बघायचं. त्याच्याकडे बॉल नसतो तेव्हा तो काय करतो, एवढंच लिहायचं. पहिल्या आठवड्यात वहीत ‘चांगला पळतो’, ‘मेहनती आहे’ असली शाळेच्या प्रगतिपुस्तकातली वाक्यं येतात. तिसऱ्या आठवड्यात ‘बॉल हरवला की हात झटकत उभा राहतो, मग पळतो’ असं काही आलं की समजायचं, गाडी रुळावर आली.

“मग दाखवल्याशिवाय कळणार कसं?” असं प्रत्येक जण विचारतो. दाखवा की. संथ, दोनदा, बाजूला कुणी न ठेवता, आणि लगेच बाहेर या. त्याहून बरं म्हणजे ज्या पोराला ते नीट जमतंय त्याला दाखवायला लावा. आणि संख्या विषम झाली तर जादा पोराला दोन्हीकडचा करा, बॉल ज्यांच्याकडे त्यांचा तो. तुमची गरज नाही.

बेंचवरून दोन आवाज

टेक्निकल एरियातून, म्हणजे बेंचपुढच्या आखलेल्या जागेतून, एका वेळी एकाच माणसानं सूचना द्यायच्या, असं फुटबॉलच्या नियमातच लिहिलंय. इतकी वर्षं खेळलेल्या पोरांना हा नियम माहीत नसतो, कारण खेळताना बेंचचा आवाज आपल्यासाठी असतो, आपला नसतो. २०१९-२० च्या हंगामापासून बेंचवरच्या लोकांनाही पिवळं आणि लाल कार्ड मिळतं. त्यात एक मेख आहे. नेमकं कोण बोललं ते रेफ्रीला कळलं नाही, तर कार्ड त्या वेळी तिथं हजर असलेल्या मुख्य कोचच्या नावावर पडतं.

एका शालेय स्पर्धेची फायनल. पावसाळा, निम्मं मैदान चिखल. आम्ही एक गोलनं पुढे, शेवटची पंधरा-वीस मिनिटं. आमचा लेफ्ट बॅक वर जायला उतावीळ, म्हणून मी त्याला ओरडून सांगितलं, “मागं थांब.” माझ्या मागून असिस्टंट ओरडला, “जा, जा, जागा आहे!” पोरगं मध्यरेषेवर थबकून बेंचकडे बघायला लागलं. एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे. तेवढ्यात समोरच्यांनी बॉल त्याच्या मागं टाकला आणि बरोबरी झाली. तो गोल कुणाच्या नावावर लिहायचा? मॅचनंतर पोरं ड्रेसिंग रूममध्ये लेफ्ट बॅकवर तुटून पडली, मला मध्ये पडावं लागलं.

हे इथं संपलं नाही. त्या गोलनंतर दोन मिनिटांनी एका थ्रो-इनवरून लाइन्समनला उद्देशून आमच्या बेंचवरून एक अस्सल कोल्हापुरी वाक्य गेलं. रेफ्री धावत आला. कोण बोललं? सगळे जमिनीकडे बघतायत, आमचे असिस्टंट सर पाण्याच्या बाटल्या मोजतायत. पिवळं कार्ड मला. दुसरं मिळालं असतं तर बाहेर जावं लागलं असतं, म्हणून उरलेली मॅच तोंडाला कुलूप. टायब्रेकरमध्ये हरलो.

मॅचमध्ये असिस्टंटचं काम काय, ते मी आता आधीच वाटून देतो. समोरच्यांच्या कॉर्नरवर त्यांचे किती जण पुढे येतात, बॉल जवळच्या पोस्टला टाकतात की लांबच्या, त्यांचा गोलकीपर कोणत्या पायानं मारतो, आपला कोण दमलाय. हे लिहायचं. हाफटाइमला मला तीन गोष्टी सांगायच्या, त्यातल्या दोन मी पोरांना सांगणार, तिसरी माझ्या खिशात. कुणाला हे कमीपणाचं वाटत असेल तर आजचा जगप्रसिद्ध कोच जोसे मोरिन्यो बॉबी रॉब्सन या मुरलेल्या कोचच्या हाताखाली नेमकं हेच करत होता. समोरच्या टीमच्या मॅच बघायच्या आणि अहवाल लिहून द्यायचा. १९९२ ला तो रॉब्सनबरोबर आला, पुढे बार्सिलोनात व्हान गाल या कोचच्याही हाताखाली राहिला, आणि २००० मध्ये कुठं स्वतंत्र टीम हातात घेतली.

लाईन लावून शूटिंग

नव्या असिस्टंटला वीस मिनिटं दिली की तो हमखास हेच करतो. गणित करून बघा. सोळा पोरं, एक गोल, एका पाळीला पंधरा सेकंद. म्हणजे प्रत्येकाची पाळी चार मिनिटांनी. वीस मिनिटांत वाट्याला पाच शॉट, बाकीचा वेळ रांगेत एकमेकांच्या टपल्या मारण्यात. वर पुन्हा ‘पोरं लक्ष देत नाहीत’ ही तक्रार. चार कोन (प्लास्टिकचे शंकू) लावून दोन छोटे गोल करा, चार-चारची मॅच लावा. तेवढ्याच वेळात शॉट जास्त आणि समोर डिफेंडरही असतो. यूट्यूबवरचे दहा कोन, शिड्या आणि पॅराशूटवाले ड्रिल मला दाखवायला आणू नका.

दुखण्याला नाटक म्हणणं

गुडघ्याच्या वाटीच्या खाली हाडाला टेंगूळ, दाबलं की कळ, उडी मारली की कळ. बारा-तेरा वर्षांचं, भराभर उंच होणारं पोर असेल तर हे ऑसगुड-श्लॅटर असू शकतं. टाचेच्या मागं दुखत असेल तर सेव्हर्स. वाढत्या हाडाला स्नायूंची ओढ सोसत नाही, एवढंच त्यामागचं कारण. यात पोरगं नाटक करत नाही. “आम्ही असल्या दुखण्यात मॅच काढल्यात” हे वाक्य माझ्या मैदानावर चालत नाही. तुम्ही काढल्या असतील, तुमचे गुडघे आज जिना चढताना काय आवाज करतात ते मला ऐकू येतं. पळणं आणि उड्या कमी करा, पालकांना सांगून डॉक्टरला दाखवा. डोक्याला मार लागून पोर गांगरलं असेल तर त्या दिवशी ते परत आत नाही, मग फायनल का असेना.

बाकीचं पटापट

शिक्षा म्हणून राउंड मारायला लावू नका. पळणं ही शिक्षा आहे असं पोरांच्या डोक्यात एकदा बसलं की मॅचमध्येही ती पळत नाहीत.

बाराच्या आतल्यांना चार नंबरचा बॉल. पाच नंबरचा बॉल कोरडा असताना ४१० ते ४५० ग्रॅम भरतो, ओल्या मैदानावर ढिला, जुना बॉल त्याहून जड होतो, आणि तो लहान पोरांच्या डोक्यावर उडवत बसणं मला बघवत नाही. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशननं २०२० मध्ये अकरा वर्षांखालच्यांच्या सरावातून हेडिंग, म्हणजे डोक्यानं बॉल मारणं, काढायला सांगितलं. आपण कशाची वाट बघतोय?

वॉर्मअप म्हणजे दोन राउंड आणि पायाची बोटं धरून उभं राहणं नव्हे. फिफा ११+ या फिफाच्या वॉर्मअपमध्ये पंधरा व्यायाम आहेत, वीस मिनिटं लागतात. मधल्या भागातले मांडीचे आणि तोलाचे व्यायाम कंटाळवाणे म्हणून गाळता, गुडघे वाचवणारे तेच असतात.

पोरांना, विशेषतः मुलींच्या टीममधल्या कुणाला, स्वतंत्र मेसेज नाही. रात्री नाही, दिवसा नाही, ‘छान खेळलीस’ एवढाही नाही. जे काही सांगायचं ते पालकांच्या ग्रुपवर. यावर माझ्याशी वाद घालू नका.

नडगीवरचं शिनपॅड नसेल तर रेफ्री आत सोडत नाही, म्हणून बॅगेत दोन जोड्या जादा. रडणारं पोर आणि घाईत पुठ्ठा कापणारा असिस्टंट, दोन्ही बघून झालंय.

लायसन्सची घाई

हल्लीचा नवा प्रकार. सहा महिने झाले नाहीत तोवर ‘सर, कोचिंगच्या सी लायसन्सला शिफारस द्या’. ई, डी, मग एएफसीचं (आशियाई फुटबॉल महासंघाचं) सी, बी, ए आणि प्रो, अशी ती चढण आहे. कोर्स जरूर करा, डी लायसन्समध्ये सराव कागदावर मांडायची शिस्त लागते आणि ती तुमच्यातल्या बहुतेकांना नसते. पण दोन कोर्सच्या मधला काळ मैदानात घालवायचा असतो, पुढच्या फॉर्मची तारीख बघत नाही. खालिद जमील यांचं बघा. मुंबई एफसीचे कोच होते, आयझॉलसारख्या छोट्या क्लबला २०१७ मध्ये आय-लीग, म्हणजे तेव्हाची देशातली मोठी लीग, जिंकून दिली, आणि एवढं झाल्यावर नॉर्थईस्ट युनायटेडमध्ये असिस्टंट म्हणून बसले. २०२१ च्या जानेवारीत मुख्य कोचला काढल्यावर टीम त्यांच्या हाती आली, ती त्यांनी प्लेऑफपर्यंत नेली. २०२५ मध्ये ते भारताचे कोच झाले. आय-लीग जिंकलेला माणूस असिस्टंट होतो, आणि इथं जिल्ह्याची एक फेरी न काढलेल्याला मुख्य कोचची खुर्ची उन्हाळी शिबिराच्या आधी हवी असते.

तेव्हा शिफारशीआधी मला तीन गोष्टी दाखवा. हंगामभराची वही. प्रत्येक पोराचा जन्मदाखला, फोटो आणि शाळेचा बोनाफाईड असलेली फाईल, कारण वयाच्या कागदावरून टीम बाद होते तेव्हा तुमची चाल कितीही भारी असली तरी उपयोग नसतो. आणि किटबॅगेची यादी, ज्यात बिब (सरावात टीम ओळखायच्या रंगीत बंड्या), पंप, पिना आणि बर्फाची पेटी मॅचच्या आदल्या रात्री तपासल्याची खूण असेल. पंपाची पिन मागच्या मॅचला पुन्हा कुणीतरी घरी विसरला होता. नाव लिहीत नाही, वाचतोय तो.