लिस्बनचं मानचिन्ह: काढायचं कसं, वाचायचं कसं

मानचिन्हाच्या बाबतीत चित्रापेक्षा वर्णन मोठं. ढालीवर काय, किती आणि कोणत्या रंगात, हे शब्दांत ठरलेलं असतं. लिस्बनच्या चिन्हातलं जहाज थोडं लांबट झालं तर चालेल. लाट एक कमी पडली तर चिन्ह चुकलं.

ए-फोर कागदावर 14 सेंमी रुंद, 10 सेंमी उंच आयत काढा आणि खालच्या कडेला 7 सेंमी त्रिज्येचं अर्धवर्तुळ जोडा. पोर्तुगीज ढालीचा तळ असा गोल असतो. वर मुकुटासाठी 5 सेंमी आणि खाली फितीसाठी 4 सेंमी जागा सोडा.

सुरुवात तळापासून करा. समुद्र म्हणजे सात नागमोडी पट्टे: चार हिरवे, तीन चांदीचे. प्रत्येकी 7 मिमी धरा. सगळ्यांत वरचा आणि सगळ्यांत खालचा पट्टा हिरवाच यायला हवा, नाहीतर मोजणी हुकली. समुद्र म्हटला की हात निळ्या रंगाकडे जातो, तो आवरा. चांदीच्या जागी कागद कोरा सोडतात. राखाडी रंग लावायचा नाही. उरलेली ढाल सोन्याची, म्हणजे सपाट पिवळी.

त्यावर सुमारे 10 सेंमी लांबीचं जहाज येतं: बाहेरून काळं, आतून पांढरं, डोलकाठी, दोर आणि सुकाणू काळे. खरी गोम शिडात आहे. वाऱ्याने फुगलेलं शीड काढायचा मोह होतो, पण वर्णनात ते आडव्या काठीला गुंडाळून बांधलेलं आहे, पाच फुगे दिसतील असं. शिवाय मानचिन्हांचा नेहमीचा नियम असा की सोनं-चांदी हे ‘धातू’ एकमेकांवर ठेवत नाहीत, कारण पिवळ्यावर पांढरं लांबून दिसत नाही. इथे तर चांदीचं शीड थेट सोन्यावर आहे. म्हणून त्याला ठसठशीत काळी कड द्या. बारीक रेघ काढली तर शीड पिवळ्यात विरून जातं.

मग डोमकावळे. एक नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावर, एक मागच्या टोकावर, दोघांची तोंडं आत, एकमेकांकडे. याला कारण आहे. संत व्हिन्सेंट 304 च्या सुमारास हुतात्मा झाले आणि कावळ्यांनी त्यांच्या देहाची राखण केली, अशी आख्यायिका. पोर्तुगालचा पहिला राजा अफोन्सो हेन्रिक्स याने 1147 मध्ये लिस्बन जिंकलं. पुढे 1173 मध्ये संतांचे अवशेष नैर्ऋत्य टोकावरच्या भूशिरावरून जहाजाने शहरात आणवले, तेव्हा कावळेही सोबत आले म्हणतात. पक्ष्यांची तोंडं बाहेर वळवलीत तर ही राखणच चित्रातून जाते.

ढालीच्या वर तटबंदीचा मुकुट, दिसणारे बुरुज पाच, रंग सोनेरी. हा रंग चुकवू नका: पाच बुरुजांचा चांदीचा मुकुट पोर्तुगालच्या इतर शहरांचा, चार बुरुजांचा शहराहून लहान नगरांचा. पांढरा ठेवलात तर राजधानीची साधं शहर म्हणून बोळवण होते. ढालीभोवती ‘मनोरा आणि तलवार’ या लष्करी सन्मानाची माळ असते. ती बारीक कलाकुसरीची आहे, सगळ्यांत शेवटी काढा. खालच्या पांढऱ्या फितीवर काळ्या पोर्तुगीज अक्षरांत ‘अतिथोर आणि सदैव एकनिष्ठ लिस्बन शहर’ अशा अर्थाची ओळ.

रंग वापरायचे नसतील तर रेघांची जुनी पद्धत आहे: ठिपके म्हणजे सोनं, कोरी जागा चांदी, डावीकडून उजवीकडे उतरत्या तिरक्या रेघा हिरवा, उभ्या-आडव्या रेघांची जाळी काळा. पोर्तुगीज काळातलं गोव्याचं नाणं घरात असेल तर ही नजर तिथेही वापरून पाहा. त्यावर कावळे शोधू नका. तिथल्या काही नाण्यांवर सुऱ्या लावलेलं चाक असतं. ते संत कॅथरीनचं, कारण पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कने गोवा जिंकला तो दिवस, 25 नोव्हेंबर 1510, तिच्या सणाचा होता.