डुकराच्या पिल्लांसाठी सोयाबीन: भाजू नका, शिजवा

"कच्चं सोयाबीन दळून घाला, पिल्लं फुगतात," असं सांगणाऱ्याची पिल्लं एकदा मागून बघून या. शेपटीखाली पिवळं माखलेलं दिसेल. दाण्यात 36 ते 40 टक्के प्रोटीन असतं, कबूल. पण कच्च्या दाण्यातला ट्रिप्सिन इन्हिबिटर ते पचूच देत नाही. मोठं डुक्कर थोडंफार निभावून नेतं, नुकतंच दूध तुटलेलं पिल्लू हगवणीने खंगतं.

दाणे निवडून रात्रभर भिजवा, पाणी ओतून द्या.

आता शिजवणं. मी आधी कढईत वाळू घालून भाजायचो. खमंग वास सुटला की झालं, अशी समजूत. एका घाण्यात काही दाणे करपलेले, काही दाताखाली कच्चे, आणि सगळे एकाच पोत्यात. कच्च्याने हगवण लागते, ती दिसते तरी. करपलेल्याचं नुकसान दिसत नाही: जास्त उष्णतेने लायसिन, म्हणजे वाढीला लागणारा प्रोटीनमधला घटक, दाण्यातल्या साखरेशी जखडतं आणि पिल्लाला मिळत नाही. मका आधीच लायसिनमध्ये गरीब, म्हणजे पिल्लू खातं पण वाढत नाही. वर प्रयोगशाळेत प्रोटीनचा टक्का जवळपास तेवढाच येतो, कारण तिथे नायट्रोजन मोजतात, पचन नाही. माझा एक अख्खा वेत असा रखडला.

म्हणून भिजलेले दाणे खळखळत्या पाण्यात टाका आणि पुन्हा उकळी फुटल्यापासून अर्धा तास मोजा. चूल पेटवल्यापासून नव्हे! पातेलं गच्च भरू नका, मधूनमधून तळापासून ढवळा. पाणी उकळतंय तोवर दाणा करपत नाही, हाच तर फायदा.

झालं की नाही, हे जिभेला विचारू नका. दोन चमचे दाणे ठेचून बाटलीत घाला, अर्धा चमचा युरिया, थोडं कोमट पाणी, झाकण. शेजारी कच्च्या दाण्यांची तशीच बाटली ठेवा. अर्ध्या तासाने झाकण काढून ओला लाल लिटमस कागद तोंडाशी धरा. कच्च्यावर निळा होईल, नाकाला मुतारीचा भपकाही येईल. शिजलेल्यावर लालच राहायला हवा. निळा झाला तर पातेलं परत चुलीवर. करपलेला माल मात्र ही चाचणी पकडत नाही, तो बिनदिक्कत पास होतो. तपासलेला चोथा पिल्लांना घालू नका, त्यात युरिया आहे.

कडक वाळवा, भरडा. ओलसर पोत्यात भरलात तर बुरशी.

दूध तोडायच्या आधीपासूनच मक्याच्या भरड्यात चिमूटभर सुरू करा आणि हळूहळू वाढवा. शिजवलं तरी सोयाबीनच्या काही प्रोटीनची पिल्लाच्या आतड्याला सवय व्हावी लागते. स्वस्त मिळते म्हणून सरकी पेंड मिसळू नका, त्यातलं गॉसिपॉल डुकराला बाधतं. शेंगदाणा पेंडीला खवट किंवा कुबट वास असेल तर ती दारातूनच परत पाठवा.