कार्ड भरणाऱ्याची रीत: नवे बँड हुडकायचे कसे

आमच्याकडे ‘बँड’ हा शब्द काढला की लोक लगेच लग्नाची तारीख विचारतात. परवा सलूनमध्ये मी सहज म्हणालो, कोलकात्याचा एक मस्त बँड सापडला. न्हाव्यानं वस्तरा थांबवला. “एवढ्या दुरून आनाचा खर्च परवडन काय भाऊ? त्यापेक्षा पुसदची धुमाळ पार्टी सांगा ना.”

म्हणून आधी खुलासा. मी बोलतोय ते दोन-चार जण, गिटार, बेस (म्हणजे जाड, खालच्या सुराची गिटार), ड्रम, कधी एखादा कीबोर्ड. गाणी स्वतः लिहितात, स्वतःच रेकॉर्ड करतात, पाठीशी मोठी कंपनी नाही. इंडिपेंडंट, म्हणून इंडी. पॉप कुठं संपतं नि रॉक कुठं सुरू होतं हे मला आजही नीट सांगता येत नाही, आणि त्यावाचून काही अडलंही नाही.

दारव्हा तालुक्यात एसटी थांब्यासमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. २००९ पासून सात वर्षं मात्र खरा धंदा मोबाइलच्या मेमरी कार्डात गाणी भरून द्यायचा होता. दोन जीबीचं कार्ड, तीस रुपये, लग्नसराईत चाळीस. माल चोरीचाच होता, लपवत नाही. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं नि दिवाळीपर्यंत माझ्या काउंटरवरची गर्दी गेली. पण त्या सात वर्षांत एक सवय लागली. गिऱ्हाइकाचं कार्ड हातात आलं की नवीन भरायच्या आधी जुनं पाहायचं. जागा नसतानाही त्यानं काय पुसलं नाही? माणसाची खरी आवड तिथं कळते. नवे बँड शोधायची माझी सगळी रीत एवढ्यावरच उभी आहे: गाण्याच्या मागं लागू नका, ते गाणं ज्यानं जपून ठेवलं त्या माणसाच्या मागं लागा.

पहिला बँड मला असाच सापडला. २०१२ ची दिवाळी. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात शिकणारा एक पोट्टा गावी आला होता. त्याच्या कार्डात एक फोल्डर, नाव ‘डिलीट मत करना’. आत एकच फाइल, ‘फायनल ३’. लावली. सुरुवातीला टिनावर पाऊस पडल्याचा आवाज, मग गिटार, मग कोणीतरी लाजत-लाजत गायला लागतं. मी गुपचूप कॉपी करून घेतली. दोन महिने दिसेल त्याला ऐकवत सुटलो, कोणालाच ओळखता आलं नाही. संक्रांतीला तो पोट्टा पुन्हा आला तेव्हा म्हणाला, “भाऊ, हे तं आमच्या हॉस्टेलच्या जिन्यातलं होय. मोबाइलवर केलं. ड्रम म्हन्जे पान्याची रिकामी कॅन.” बँडला नाव नव्हतं, आणि परीक्षा झाल्यावर बँडही नव्हता.

आता कार्डं येत नाहीत. पण दुसऱ्याचं कार्ड उघडून पाहायची सोय इंटरनेटवर एके ठिकाणी आहे: बँडकॅम्प. छोटे बँड इथं आपली गाणी थेट विकतात. तुम्हाला आवडलेल्या एखाद्या बँडचं पान उघडा. अल्बमच्या चित्राजवळ बारीक-बारीक चौकोनी फोटो दिसतील. हे तो अल्बम विकत घेतलेले लोक. काहींनी सोबत एखादी ओळ लिहिलेली असते, कुठलं गाणं का आवडलं. एका फोटोवर बोट ठेवलं की त्या माणसाचा अख्खा संग्रह समोर येतो. हेच ते कार्ड. फुकटात ‘लाइक’ ठोकलेलं नाही, खिशातून पैसे काढून घेतलेलं. शंभर-दोनशे अल्बम असलेला माणूस निवडा. हजारोवाला नको, तो सगळंच घेतो. त्याच्या संग्रहात तुमच्या ओळखीची तीन-चार नावं निघाली, तर उरलेल्या अनोळखी नावांपैकी निदान दोन तुम्हाला आवडतीलच. मी एका रात्री पुण्याच्या एका बँडपासून निघालो होतो, चार माणसांचे संग्रह ओलांडून न्यूझीलंडला पोचलो. तिथल्या ड्युनेडिन नावाच्या लहानशा शहरातून आणि फ्लाइंग नन या १९८१ साली सुरू झालेल्या लेबलमुळं (लेबल म्हणजे बँडची गाणी काढणारी कंपनी) गिटारवाल्या बँडांची एक अख्खी पिढी उभी राहिली. देशाच्या पार खालच्या टोकाचं गाव, राजधानीत कोणी विचारत नाही. म्हटलं, ओळखीची गोष्ट आहे!

बँडकॅम्पवर शहराच्या नावानंही शोधता येतं. शिलाँग, कोची, पुणे असं एकेक टाकून पाहा. नागपूर टाकलंत तर थोडंच निघेल, पण पाहाच.

दुसरी वाट लेबलची. कोलकात्याचे पारेख अँड सिंग हे दोघं मला आवडले, तेव्हा मी त्यांची गाणी बाजूला ठेवून आधी ती कोणी काढली ते पाहिलं. लंडनचं पीसफ्रॉग हे लेबल. मग त्या लेबलचे बाकीचे पाहुणे पाहिले, तर स्वीडनचा होसे गोन्झालेस सापडला, नुसत्या एका गिटारवर गाणारा. लहान लेबल चालवणारा माणूसही शेवटी कार्ड भरणाराच. मोठी कंपनी खप पाहते. हा कानाला पटेल ते घेतो, म्हणून त्याच्या दुकानातला एक माल आवडला तर दुसराही बहुतेक आवडतो. रेकॉर्डिंग कोणी केलं, मिक्सिंग कोणी केलं, ही अल्बमखालची बारीक अक्षरंही अशीच वाचायची. एकाच माणसाचं नाव तीन आवडत्या अल्बमांखाली दिसलं की त्यानं आणखी कोणाचं काम केलं ते शोधायचं.

ख्रुआंगबिन हा बँड आज जगभर वाजतो, पण त्यांची सुरुवात ऐकण्यासारखी आहे. टेक्सासमधलं बर्टन नावाचं अगदी छोटं गाव, तिथल्या एका कोठ्यात, म्हणजे जनावरांच्या गोठ्यात, तिघांनी रेकॉर्डिंग केलं. गाण्यांवर छाप कोणाची, तर थायलंडच्या जुन्या गाण्यांची. बँडचं नावही थाई, अर्थ विमान. त्यांना बाहेर आणलं कोणी? बोनोबो या ब्रिटिश संगीतकारानं २०१३ साली आपल्या आवडीच्या गाण्यांचा एक संग्रह काढला, त्यात यांचं एक गाणं घेतलं. पहिला अल्बम आला २०१५ मध्ये. म्हणजे बोनोबोचं ‘कार्ड’ ज्यानं लक्ष देऊन पाहिलं, त्याला हा बँड दोन वर्षं आधी कळला. त्यामुळं तुमच्या आवडत्या कलाकारानं स्वतः बनवलेली गाण्यांची यादी कुठंही दिसली तर सोडू नका. त्याच्या कार्यक्रमात आधी कोण वाजवतं, हेही पाहत जा.

तिसरी वाट रात्रीची. आमच्याकडे ओलिताची लाईट आठवड्यातले काही दिवस रात्रीच येते. हरभऱ्याला स्प्रिंकलर लावला की तीन-तीन तासांनी पाइप हलवायचे, मधला वेळ मोकळा. थंडीत रात्री दीडला आपण धुऱ्यावर शेकोटीपाशी बसलेले असतो तेव्हा अमेरिकेत सिएटलला दुपारचे बारा वाजलेले असतात. तिथलं केईएक्सपी हे रेडिओ स्टेशन इंटरनेटवर फुकट ऐकता येतं. निवेदक स्वतः गाणी निवडतो, आणि आत्ता काय वाजतंय त्याचं नाव साइटवर दिसत राहतं. लाईट दिवसाची असेल तर मागच्या दोन आठवड्यांचे कार्यक्रमही साठवलेले असतात. रेंज कमी असेल तर आवाजाची प्रत खाली आणा, अडकत नाही. याच स्टेशनचे स्टुडिओतले व्हिडिओ यूट्यूबवर आहेत. रेडिओ गार्डन नावाचं ॲपही ठेवा. पृथ्वीचा गोल फिरवायचा, हिरव्या ठिपक्यावर थांबायचं, तिथलं रेडिओ सुरू. लिस्बन, जकार्ता, मन येईल तिथं. एकदा असाच गोल फिरवत बसलो आणि मोटर कधी बंद पडली कळलंच नाही. सकाळी बाबांनी काय ऐकवलं ते इथं लिहिता येणार नाही.

कानावर पडलेलं गाणं ओळखायला शझाम हे ॲप सगळ्यांना माहीत आहे. रेंज नसली तरी त्याचं बटण दाबा, एवढंच सांगायचंय. तो आवाज धरून ठेवतो आणि नेट आलं की नाव सांगतो. नागपूरला हॉटेलात, एसटीत, कुठंही.

अमेरिकेतल्या एनपीआर रेडिओचा टायनी डेस्क हा प्रकार २००८ पासून चालू आहे: ऑफिसातलं एक टेबल, त्यामागं बँड उभा. त्यातले नावाजलेले कार्यक्रम तुम्ही पाहिले असतील. मी मात्र त्यांच्या स्पर्धेसाठी आलेले व्हिडिओ पाहतो. कुठल्याही कंपनीशी करार नसलेले लोक स्वयंपाकघरात, गॅरेजमध्ये टेबल मांडून आपलं गाणं पाठवतात. दहातले सात सामान्य असतात. आठवा ऐकताना हात थांबतो.

आपल्या देशासाठी फेस्टिव्हलची पोस्टरं पुरे. पुण्यात २०१० साली सुरू झालेला एनएच७ वीकेंडर, अरुणाचलातल्या झिरो खोऱ्यात २०१२ पासून भरणारा झिरो फेस्टिव्हल. जायला पैसे लागतात, पोस्टर वाचायला लागत नाहीत. वाचायचं खालून वर. मोठ्या अक्षरातली नावं सोडा, ती तुमच्यापर्यंत आपोआप येतील. सगळ्यात खालच्या ओळीत, मुंग्यांएवढ्या अक्षरांत जे आहेत ते वहीत उतरवा आणि रोज एक ऐका. झिरोच्या पोस्टरवर ईशान्येकडची अशी नावं भेटतात जी आपल्याकडच्या कुठल्याच यादीत येत नाहीत.

स्पॉटिफायबद्दल थोडक्यात. बँडच्या पानावरच्या ‘फॅन्स ऑल्सो लाइक’ या रांगेत शिरा आणि दर वेळी कमी श्रोते असलेल्या नावावर जा. दोन-तीन उड्यांत नव्या मुलखात पोचता. ॲप आपण होऊन जे लावतं ते मला फार पटत नाही. त्याला तुम्ही थांबू नये एवढंच हवं असतं. शिवाय आता एक नवीन भानगड आहे. २०२५ च्या जूनमध्ये व्हेल्वेट सनडाउन नावाचा बँड तिथं आला, महिन्याला दहा लाखांवर श्रोते झाले, आणि मग कळलं की माणसं कोणी नव्हतीच, सगळं एआयनं बनवलेलं. तेव्हापासून मी बोगस बियाण्याची पिशवी तपासावी तसा बँड तपासतो. कुठं वाजवल्याचा व्हिडिओ आहे का, त्यात तार तुटते का, घाम दिसतो का, पुढच्या कार्यक्रमाची तारीख-गाव लिहिलंय का.

ऐकायचं कसं, तर फोनच्या स्पीकरवर नाही. त्यात बेस ऐकूच येत नाही, आणि बँडचा अर्धा जीव बेसमध्ये असतो. साधे वायरवाले इअरफोन चालतील. पहिल्यांदा काम करता-करता ऐका, दुसऱ्यांदा दोन दिवसांनी. मी मध्ये मुद्दाम काही ऐकत नाही. पाइप हलवताना, स्प्रिंकलरच्या टक-टक-टक-टकमध्ये त्यातली एखादी ओळ आपोआप तोंडात आली, तर तो बँड वहीत चढतो. नाही आली तर राहू दे. पहिल्याच फेरीत फार आवडलेले बँड माझ्याकडे टिकत नाहीत, हा आपला माझा अनुभव.

आवडला तर पैसे द्या. सात वर्षं चोरीचा माल विकलेला माणूस हे सांगतोय, हसा. बँडकॅम्प डिजिटल विक्रीवर साधारण १५ टक्के घेतं, काही ठरावीक शुक्रवारी तेही घेत नाही. ही पद्धत मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या काळात सुरू झाली. बरेच बँड ‘तुम्हीच किंमत ठरवा’ म्हणून ठेवतात, शून्यसुद्धा चालतो. आपल्या डेबिट कार्डावर परदेशी व्यवहार आधी चालू करून घ्यावे लागतात. मी त्यासाठी शाखेत गेलो.

“परदेशी कायले पाह्यजे तुले?”

“गाणी घ्याची हायेत, साहेब.”

“गाणी तं फुकट असतेत ना बे.” मग शेजारच्या टेबलाकडे वळून, “पाहा हो, कापूस इकून गाणी घेऊन रायला हा.”

चार चकरा झाल्या. सहा डॉलरचा अल्बम मला बसभाड्यासकट चांगलाच महाग पडला. तुम्ही मोबाइल बँकिंगमधून करा, दोन मिनिटांचं काम आहे हे मला नंतर भाच्यानं दाखवलं.

बँडला दोन ओळी लिहायलाही लाजू नका. छोट्या बँडांचे निरोप तेच वाचतात. मी एकांना लिहिलं की तुमचं गाणं ट्रॅक्टरवाल्यांना देऊ का, तर तासाभरात उत्तर: द्या, नक्की द्या, आणि फोटो पाठवा.

कारण ट्रॅक्टरवाले अजून येतात. वावरात रेंज नसते, टेपला पेनड्राइव्ह लागतो. साठ गाणी त्यांच्या फर्माइशीची, आणि सातव्या नंबरला एक माझं, बँडला विचारून घेतलेलं. सांगत नाही. बहुतेक जण पुढं ढकलतात. मागच्या महिन्यात एक जण ट्रॅक्टर चालूच ठेवून दुकानात आला.

“भाऊ, ते सातव्या नंबरचं कोनाचं होय?”

“कायले रे?”

“काही नाही. नांगरताना तेच-तेच लावून रायलो.”

म्हटलं, आन इकडं पेनड्राइव्ह. बाकीचं काय-काय पुसलं ते पाहू दे आधी.