वीजबिलाचा स्तंभालेख: महिन्याचे नव्हे, दिवसाचे युनिट मोजा

महावितरणच्या घरगुती बिलावर मागील महिन्यांचा वीजवापर छापलेला असतो. परंतु मीटरच्या दोन वाचनांमधले दिवस नेहमी सारखे नसल्यामुळे, ३४ दिवसांचे बिल २९ दिवसांच्या बिलाशेजारी ठेवले तर वापर वाढल्याचा भास होतो. म्हणून स्तंभालेख काढण्यापूर्वी प्रत्येक बिलातील युनिटना त्या बिलाच्या दिवसांनी भागावे. चौकटीच्या वहीचे एक पान त्यासाठी पुरते. उभा अक्ष मात्र शून्यापासूनच सुरू करावा, अन्यथा किरकोळ फरकही डोंगराएवढा दिसतो.

आता त्याच आलेखावर दोन आडव्या रेषा ओढाव्यात: एक सुमारे ३.३ युनिटवर आणि दुसरी १० युनिटवर. दरांचे टप्पे महिन्याला १०० आणि ३०० युनिटवर बदलतात, आणि या रेषा म्हणजे त्याच मर्यादांचा रोजचा हिशेब होय. रेषेच्या वर गेलेल्या युनिटनाच पुढचा, चढा दर लागतो. त्यामुळे बचतीचा खरा लाभ स्तंभाच्या त्या वरच्या तुकड्यातच असतो.

सर्वांत बुटका स्तंभ सहसा फ्रिज, दिवे यांसारखा बारमाही वापर दाखवतो. एप्रिल-मे महिन्यांत त्यावर चढणारी उंची बहुतेक पंखे, कूलर किंवा एसीची, तर डिसेंबर-जानेवारीतली गिझरची असते. तुलना मागच्या महिन्याशी न करता गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करावी, कारण मेची एप्रिलशी तुलना केल्यास प्रामुख्याने ऋतूच मोजला जातो.