वायफाय सारखं तुटतंय? जुना कॉम्प्युटर भंगारात काढण्याआधी या चुका टाळा

"सकाळपासून सहा वेळा गेलं रे. मी कशाला हातसुद्धा लावलेला नाही."

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या एका निवृत्त सरांचा हा फोन मला अजून आठवतो. दहा-बारा वर्षांचा डेस्कटॉप. त्यावर ते नातवाशी व्हिडिओ कॉल करायचे, बँकेचं बघायचे, शेताचे जुने कागद स्कॅन करून ठेवायचे. माझ्याआधी त्यांनी दोघांना दाखवलं होतं. एकानं विंडोज फॉरमॅट करून दिली. दुसऱ्यानं सांगितलं, "सर, मशीन म्हातारं झालंय, नवीन घ्या." फॉरमॅटचे पैसे गेले, दुखणं होतं तिथंच राहिलं, आणि सरांना मात्र वाटायला लागलं की आपलंच काहीतरी चुकतंय.

राजारामपुरीत मी बरीच वर्षं कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. वायफाय तुटतंय म्हणून आलेल्या जुन्या मशीनांमध्ये खरोखर कामातून गेलेली फार थोडी निघतात. बाकीच्यांना नाडी न बघताच औषध दिलेलं असतं.

तुटतंय कुठं, हे न बघणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. "नेट गेलं" असं आपण म्हणतो, पण त्यात दोन टप्पे असतात. कंपनीची वायर रस्त्यावरून तुमच्या राउटरपर्यंत येते, तो एक. राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंत सिग्नल हवेतून येतो, तो दुसरा. कुठला टप्पा तुटतोय हे कळेपर्यंत एक रुपयाही खर्च करू नका.

नेट गेलं की लगेच मोबाईलचा डेटा बंद करा, फोन त्याच वायफायला जोडा आणि कॉम्प्युटरच्या शेजारीच उभं राहून एखादी साइट उघडा. फोनवर चालतंय आणि कॉम्प्युटरवर नाही, तर दोष कॉम्प्युटरमध्ये किंवा त्याच्या वायफाय कार्डात. दोन्हीकडं बंद असेल, तर राउटरजवळ जाऊन तसंच करून बघा. तिथं चालत असेल, तर सिग्नल वाटेत अडतोय. तिथंही बंद असेल, तर राउटरचे दिवे बघा. फायबरच्या डब्यावर 'लॉस' नावाचा दिवा लाल झाला असेल, तर घरात काही करण्यासारखं नाही, कंपनीला तक्रार करा. सगळेच दिवे विझून पुन्हा लागत असतील, तर बहुधा राउटरचा ॲडॅप्टर दमलाय. नवा घेताना जुन्यावरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून घ्या. व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा थोडे जास्त चालतात.

त्याहून पक्की परीक्षा पिंगची. स्टार्टमध्ये सीएमडी टाइप केलं की काळी खिडकी उघडते. तिथं पिंग, मग राउटरचा पत्ता, मग हायफन आणि टी, असं इंग्रजीत लिहून एंटर मारा. पत्ता राउटरच्या पोटावरच्या स्टिकरवर छापलेला असतो, बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. आता एकेक ओळ येत राहील. घरातल्या घरात उत्तर एक ते पाच-दहा मिलिसेकंदांत यायला हवं. आकडा मधेच तीनशे-चारशेवर उडत असेल किंवा 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' दिसत असेल, तर हवेतला टप्पा तुटतोय. उत्तरं नीट येतायत पण साइट उघडत नाही, तर भानगड राउटरच्या पलीकडं आहे.

जुन्या मशीनच्या बाबतीत याला एक अपवाद, आणि तो भल्याभल्यांना चकवतो. वायफाय जोडलेलं असतं, पिंगही चालतं, पण प्रत्येक साइट 'सुरक्षित नाही' म्हणून अडते. अशा वेळी खाली कोपऱ्यातली तारीख बघा. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा बटणासारखा सेल संपला की लाइट गेल्यावर घड्याळ कितीतरी वर्षं मागं जातं. तारीख चुकली की साइटची सुरक्षा-प्रमाणपत्रं जुळत नाहीत. सेल बदला, तारीख लावा, झालं. या एवढ्याशा कारणासाठी लोक राउटर बदलून बसलेत.

राउटर वायरमन सांगेल तिथं ठोकणं

वायर जिथं संपते तिथं राउटर, म्हणजे बहुतेक घरांत दाराजवळ मीटरच्या वर. कॉम्प्युटर मात्र आतल्या खोलीत. पेठांमधल्या जुन्या वाड्यांच्या दगडी भिंती दीड-दोन फुटांच्या असतात. अशा दोन भिंती मधे आल्या की सिग्नल अगदी कमजोर होतो. लोखंडी कपाट, स्लॅबमधल्या सळ्या, पाण्याची टाकी हेही सिग्नल अडवतात. गुजरीतल्या एका दुकानात गल्ल्यावरचा कॉम्प्युटर दिवसातून चारदा तुटायचा. राउटर आणि कॉम्प्युटर यांच्या मधे भिंतभर आरसा होता, आणि आरशाच्या पाठीला धातूचा मुलामा असतो. राउटर समोरच्या भिंतीवर छताजवळ नेला आणि तक्रार थांबली.

राउटर उंचावर, मोकळ्यावर, शक्यतो घराच्या मध्यावर ठेवा. त्याच्या अँटेनाच्या दांड्या उभ्या ठेवा, कारण सिग्नल दांडीच्या टोकातून निघत नाही, तो आजूबाजूला पसरतो. टीव्हीच्या बंद कप्प्यात राउटर कोंडू नका, तो तापतो.

डेस्कटॉपच्या पाठीमागं खोचलेला डोंगल

आता सरांच्या घरी गेल्यावर काय दिसलं ते सांगतो. टेबलाखाली लोखंडी डबा, त्याची पाठ भिंतीला चिकटलेली. नखाएवढा वायफाय डोंगल (यूएसबीत खोचून वायफाय पकडणारा तुकडा) मागच्या बाजूला खोचलेला, आणि अगदी त्याला खेटून निळ्या यूएसबी पोर्टात बॅकअपची हार्ड डिस्क. म्हणजे एका बाजूला पत्रा, दुसऱ्या बाजूला दगड, आणि शेजारी गोंगाट. गोंगाट हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. यूएसबी ३.०, म्हणजे तो निळा पोर्ट, चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंधळ तयार होतो, आणि जुना वायफाय नेमका त्याच पट्ट्यात बोलतो. इंटेलनं २०१२ साली यावर सविस्तर टिपण काढलं होतं.

मी सरांना विचारलं, "सर, नेट जातं तेव्हा ही डिस्क चालू असते का?" ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "कागद कॉपी करायला बसलो की जातं बघ." उत्तर त्यांच्याकडंच होतं, आधी कुणी विचारलंच नव्हतं. दीड मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन वायर घेतली, डोंगल टेबलावर खिडकीशी आणून ठेवला, डिस्क डब्याच्या पुढच्या पोर्टात लावली. पिंग लावून आम्ही चहा प्यायलो. ओळी सरळ येत राहिल्या, एकही तुटली नाही.

ब्लूटूथचा हेडफोन किंवा माउस लावला की वायफाय अडखळत असेल, तर तेही याच जातीचं दुखणं. जुन्या लॅपटॉपमध्ये दोन्ही एकाच कार्डावर आणि एकाच पट्ट्यात चालतात. माउस वायरचा लावून बघा.

बिजागरी दुरुस्त केली, मग वायफाय बिघडलं

लॅपटॉपचे वायफाय अँटेना स्क्रीनच्या कडेनं झाकणात बसवलेले असतात. त्यांच्या दोन बारीक वायरी बिजागरीतून खाली उतरतात आणि पोटातल्या कार्डावर तांदळाच्या दाण्याएवढ्या दोन सोनेरी टोप्यांनी बसतात. बिजागरी, स्क्रीन किंवा कीबोर्ड बदलताना त्या निघतात, आणि परत नीट बसवायच्या राहतात.

कसबा बावड्यातली एक मुलगी परीक्षेच्या आदल्या आठवड्यात लॅपटॉप घेऊन आली. राउटरच्या खोलीत सिग्नल भरलेला, शेजारच्या खोलीत गेलं की एक दांडी. महिन्यापूर्वी बिजागरी बदललेली. मागचं झाकण उघडलं तर पांढरी वायर जागेवर, काळी वायर कार्डाच्या बाजूला नुसतीच पडलेली. टोपी बरोबर मधे धरून अंगठ्यानं दाबली, 'टिक' असा बारीक आवाज आला. एवढंच काम. ती वायर बिजागरीत चेंगरून तुटलेली असती, तर मात्र अँटेना बदलावा लागला असता.

म्हणून खूण लक्षात ठेवा. राउटरजवळ उत्तम आणि चार पावलांवर मेलेलं, तर अँटेनाची वायर बघा. सिग्नल भरलेला असूनही तुटतंय, तर पुढचं वाचा. दुरुस्तीहून लॅपटॉप घरी आणताना दुकानातच दहा-पंधरा पावलं लांब जाऊन वायफाय तपासा. काही जुन्या लॅपटॉपला कडेला वायफायचं सरकतं बटण असतं, ते ढिलं झालं की मांडीवर हललं तरी नेट जातं.

विंडोजला वीज वाचवू देणं

डिव्हाइस मॅनेजरमध्ये जा, नेटवर्क अडॅप्टर्सखाली वायफाय कार्डावर दोनदा क्लिक करा, पॉवर मॅनेजमेंट उघडा. तिथं वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायला कॉम्प्युटरला परवानगी देणारी एक खूण असते. ती काढा. पॉवर ऑप्शन्समध्ये वायरलेस अडॅप्टर सेटिंग्ज असतील, तर तिथं 'मॅक्झिमम परफॉर्मन्स' ठेवा. थोडा वेळ काम थांबवलं की तुटणारं वायफाय बऱ्याचदा इथंच सुधारतं.

अपडेटनंतर तुटायला लागलं असेल, तर त्याच खिडकीत 'रोल बॅक ड्रायव्हर' आहे, त्यानं ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, आधीच्यावर परत जातो. ड्रायव्हर घ्यायचा तो मशीनच्या किंवा कार्डाच्या कंपनीच्या साइटवरूनच. 'सगळे ड्रायव्हर फुकट अपडेट करा' म्हणणारे प्रोग्रॅम कृपा करून टाकू नका. त्यांनी चुकीचे ड्रायव्हर चढवलेली मशीनं मला पूर्ववत करावी लागलीत, आणि त्यात मालकाचा अख्खा दिवस जातो.

नव्या राउटरकडून जुन्या कार्डाला न झेपणारं मागणं

नवा राउटर घेतला आणि जुना कॉम्प्युटर तुटायला लागला, तर राउटरच्या सेटिंगमध्ये डोकवा. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्हींना एकच नाव दिलेलं असेल, तर वेगळी नावं द्या आणि जुनं मशीन २.४ ला बांधा. पुष्कळ जुन्या कार्डांना ५ चा पट्टा दिसतच नाही. नावापुढं '५जी' लिहिलेलं नेटवर्क फोनवर दिसतं आणि कॉम्प्युटरवर नाही, म्हणून घाबरू नका. त्याचा मोबाईलच्या ५जीशी संबंध नाही. वायफायच्या सुरक्षेची डब्ल्यूपीए३ ही पद्धत २०१८ ची आहे, त्याआधीचं कार्ड बहुधा अडखळतं. तिथं डब्ल्यूपीए२ आणि एईएस निवडा. वेप किंवा टीकेआयपी या जुन्या पद्धती ठेवू नका. ते कच्चंही आहे आणि त्यावर वेग ५४ एमबीपीएसवर अडकतो.

चॅनल, म्हणजे पट्ट्यातली राउटरची मार्गिका, 'ऑटो'वर सोडू नका. २.४ मध्ये १, ६ आणि ११ हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत. फोनवरच्या वायफाय ॲनालायझर ॲपमध्ये बघा आणि कमी गर्दीचा घ्या, रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ताराबाई पार्कातल्या अपार्टमेंटमध्ये याचा फरक लगेच जाणवतो. अमेरिकेतून कुणी आणून दिलेला लॅपटॉप असेल, तर आणखी एक गोष्ट. तिकडच्या कार्डांना बहुधा १२ आणि १३ हे चॅनल दिसत नाहीत. राउटर स्वतःहून १३ वर गेला की तुमचं वायफाय यादीतूनच गायब.

टाचणीनं रिसेट

बंद करून चालू करणं वेगळं आणि रिसेट वेगळं. राउटरच्या भोकात टाचणी घालून दाबलंत, तर कंपनीनं भरलेलं युजरनेम-पासवर्डही पुसलं जातं आणि घरातलं सगळ्यांचंच नेट बंद पडतं. आधी राउटरची नुसती विजेची पिन काढा, तीस सेकंद थांबा, परत लावा.

रिपीटर आधी, वायर शेवटी

हा क्रम उलटा हवा. साधा रिपीटर, म्हणजे सिग्नल पकडून पुढं पाठवणारा डबा, एकाच रेडिओवर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळं वेग निम्म्यावर येतो. त्यात तो मेलेल्या सिग्नलच्या खोलीत लावला, तर पुढं पाठवायला त्याच्याकडंच काही नसतं. लावायचाच तर अर्ध्या वाटेवर लावा. कार्ड खरंच गेलं असेल, तर दांडी असलेला यूएसबी डोंगल हा लॅपटॉप उघडण्यापेक्षा सोपा उपाय. काही कंपन्यांचे जुने लॅपटॉप पोटात दुसऱ्या बनावटीचं कार्ड स्वीकारतच नाहीत. विंडोज ७ असेल, तर डोंगल त्यावर चालतो का हे खोक्यावर वाचून घ्या. ते मायक्रोसॉफ्टनं १४ जानेवारी २०२० ला सोडून दिलंय.

आणि जागेवरून न हलणाऱ्या डेस्कटॉपला सरळ लॅनची वायर ओढा. उद्यमनगरातल्या कारखान्यांमध्ये, जिथं चहूकडं पत्रा आणि मशीनं, तिथं मी दुसरं काही सुचवतच नाही. कॅट ५ई किंवा कॅट ६ ची वायर १०० मीटरपर्यंत चालते. क्रिंपिंग करणाऱ्याकडून, म्हणजे वायरीच्या टोकाला कनेक्टर बसवणाऱ्याकडून, टेस्टर लावून आठही तारा तपासून घ्या. चारच जुळल्या, तरी १०० एमबीपीएस मिळतं, पण मग कुठली तरी तार कच्ची आहे आणि ती पावसाळ्यात त्रास देईल, म्हणून टोक कापून परत मारायला लावा.