दसऱ्याला घरचा झेंडू हवाय? आषाढीलाच बी टाका

इंदुरात दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडूचा भाव विचारला की तोंड कडू होतं, त्यापेक्षा गच्चीवर आठ-दहा कुंड्या लावा, दाराच्या तोरणापुरती फुलं आरामात निघतात. हिशोब एकदम सोपा, आषाढी एकादशीच्या आसपास बी टाकायचं, तिथून दसरा बरोबर तीन महिन्यांवर. मधे अधिक महिना आला तर बी पण महिनाभर उशिरा टाका.

नर्सरीत मोठ्या फुलाचा हवा असेल तर हजारा मागा, बुटका लाल-पिवळा तो जाफरी. तोरणाला हजाराच बरा. जाफरी दीड-दोन महिन्यांत फुलतो आणि छोट्या कुंडीतही खूश असतो, पण हार ओवायला बसलात की कळतं किती फुलं लागतात ते!

बी ट्रेमधे टाकून वर पाव इंच माती भुरभुरवा, चार ते सात दिवसांत उगवतं. पावसाचे दिवस असतात म्हणून ट्रे पत्र्याखाली ठेवा पण उजेडात, नाहीतर रोपं जमिनीपाशी सडून आडवी पडतात आणि मग काही करता येत नाही. तीन-चार आठवड्यांनी कुंडीत हलवा. कुंडी दहा-बारा इंची आणि एका कुंडीत एकच रोप, प्लीज. आपली माळव्याची काळी माती नुसती भरू नका, पावसात चिखल होते, ऊन पडलं की तडकते. अर्धी माती, बाकी शेणखत किंवा घरच्या ओल्या कचऱ्याचं कंपोस्ट आणि थोडी वाळू. ऊन मात्र पाच-सहा तास तरी पाहिजेच.

आता खरं काम. रोप सहा-आठ इंचाचं झालं, पानांच्या चार-पाच जोड्या दिसल्या की वरचा शेंडा नखाने खुडायचा. जीव होत नाही माहितीये, पण नाही खुडला तर एकच काडी सरळ वर जाते, टोकाला एक फूल आणि वाऱ्यात आडवी. खुडला की प्रत्येक पानाच्या बेचक्यातून फांदी फुटते, झाड झुडपासारखं भरतं. फुलं दहा-पंधरा दिवस उशिरा येतात, म्हणून दसऱ्याच्या आधीच्या दीड महिन्यात कात्री-नखं लांब ठेवा. खुडलेला शेंडा चार इंचाचा असेल तर फेकू नका, खालची पानं काढून ओल्या वाळूत खोचा, सावलीत दोनेक आठवड्यांत मुळं धरतो, फुकटात अजून एक झाड.

युरिया वगैरे अजिबात नको, पानंच पानं येतात आणि कळीचा पत्ता नाही. पाणी बुंध्याशी, माती बोटभर सुकली की मगच, फुलांवर ओतू नका.

पाऊस थांबून ऑक्टोबरचं ऊन तापलं की पानं फिकट, ठिपक्याठिपक्यांची दिसायला लागतात, उलटून बघा, बारीक जाळं असेल तर लाल कोळी आहे. सकाळी पाइपने पानांच्या खालून जोरात पाणी मारा, तरी नाही गेला तर लिटरभर पाण्यात 5 मिली नीम तेल आणि साबणाचे दोन-चार थेंब घालून संध्याकाळी फवारा.

सुकलेली फुलं लगेच तोडत चला, ती झाडावर राहिली की झाड बी धरायला लागतं आणि नव्या कळ्या कमी येतात. तोरणाची फुलं सकाळी लवकर तोडा आणि ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा, फ्रिज लागत नाही.