इंडिया कॅम्पची तयारी: आधी पासपोर्टची तारीख बघा

मुलगा स्टेटकडून नॅशनल खेळून आलाय आणि आता बास्केटबॉलच्या इंडिया कॅम्पच्या, म्हणजे भारताचा संघ निवडायच्या शिबिराच्या, लिस्टकडे डोळे लागलेत, अशा घरांसाठी लिहितेय. आमचा मुलगा सोळा वर्षांखालच्या कॅम्पला होता. त्या वेळी आमच्याकडून जे राहिलं ते तुमच्याकडून राहू नये, बस्स.

तर पहिलं काम, हे वाचतावाचता उठा आणि पोराचा पासपोर्ट काढून शेवटची तारीख बघा. "आहे आमच्याकडे" म्हणू नका, मी पण तेच म्हणत होते. लहान मुलांचा पासपोर्ट 5 वर्षांचाच असतो, आणि आमचा काढलेला मुलगा दहा वर्षांचा असताना, दुबईला जायचं म्हणून, जे जाणं कधी झालंच नाही. कॅम्पवरून रात्री साडेनऊला फोन, आई सरांनी पासपोर्टचा फोटो मागितलाय, लगेच पाठव. कपाटातली फाइल उघडली, त्यात भांग पाडलेला, पुढचा दात अर्धाच आलेला फोटो, आणि मुदत संपायला चार महिने. स्पर्धा श्रीलंकेत होती, आणि तिथे उतरायचं तर पुढे 6 महिने शिल्लक लागतात. तत्काळमधून केला, पण हातात येईपर्यंत संघातल्या बारा जणांची नावं गेली होती. घरी आल्यावर तो मला एका शब्दानं बोलला नाही, बॉल घेऊन खाली गेला आणि अंधार पडेपर्यंत एकटाच फ्री थ्रो मारत होता.

मुदत संपायच्या वर्षभर आधीपासून रिइश्यूला टाकता येतो, कॅम्पच्या लिस्टची वाट कशाला बघायची? पंधरा पूर्ण झाली असतील तर 10 वर्षांचा मागा. आईबाबा दोघांच्या सह्या लागतात, एक जण बाहेरगावी असेल तर आधीच सांगून ठेवा.

वयाचं गणित सोपं आहे. स्पर्धेच्या वर्षातून 16 वजा करा, त्या वर्षाच्या 1 जानेवारीला किंवा नंतर जन्मलेला चालतो. 2025 साठी 1 जानेवारी 2009 होती, 31 डिसेंबर 2008 वाला बाद, तिथे कुणाची ओळख चालत नाही. जन्मदाखला, आधार, बोनाफाइड आणि पासपोर्ट, चारही ठिकाणी नाव आणि तारीख अक्षर न् अक्षर तीच पाहिजे. एकीकडे वडिलांचं नाव आहे, दुसरीकडे नाही, असलं आत्ताच दुरुस्त करून घ्या. आणि वय चोरायचा विचारही नको, मनगटाचा एक्स-रे काढला की सगळं बाहेर येतं आणि पोराचं नाव कायमचं खराब होतं.

खेळाचं कोच बघतीलच, पण एक गोष्ट घरच्यांनी करा. ज्या कोर्टवर तो रोज खेळतो तिथली थ्री पॉइंटची लाइन टेपनं मोजा. फिबानं, म्हणजे बास्केटबॉलच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं, 2010 मध्ये ती बास्केटपासून 6.25 वरून 6.75 मीटर केली, पण काही जुन्या कोर्टांवर अजून जुनीच रंगवलेली सापडते. अर्धा मीटर जवळून वर्षभर शूट केलेला मुलगा ट्रायलला गेला की सगळे शॉट आखूड पडतात, आणि त्याला कळत नाही आपलं काय चुकतंय. सिमेंटवर खेळणाऱ्यांनी महिनाभर तरी कुठेतरी लाकडी कोर्ट मिळवा. डिफेन्समध्ये तोंड उघडायची सवय लावा, गप्प खेळणारा सिलेक्टरला दिसतच नाही. फिटनेस वगैरे आलंच.

औषधं! सर्दीची गोळी, खोकल्याचं सिरप, जिममधल्या कुणीतरी दिलेली पावडर, काहीही टीम डॉक्टरला विचारल्याशिवाय द्यायचं नाही, डोपिंग टेस्टमध्ये अडकायला नको. दम्याचा पंप असेल तर त्याचं टीम डॉक्टरला विचारून काही कागद लागत असतील ते आधीच करून ठेवा.

पुढचा रस्ता असा, कॅम्पमधून बारा जण, मग दक्षिण आशियाची क्वालिफायर, ती जिंकली तर आशिया कप, तिथे ऑस्ट्रेलिया न्यूझीलंड पण असतात, आणि पहिले चार संघ सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला. क्वालिफायर जवळच असते, कोलंबोला नाहीतर मालदीवच्या मालेला, म्हणून लोक निवांत राहतात. जवळ असलं तरी परदेशच आहे हो, पासपोर्ट लागतोच. बघितली का तारीख?

बॅगेचं काय सांगू, दोन जोड शूज, त्यातला एक पायात बसलेला, अँकल सपोर्ट, टेप, बाकी तुम्ही घ्यालच. शाळेचा रजेचा अर्ज, इन्शुरन्स, थोडे डॉलर, शेवटच्या आठवड्यात होतं सगळं. फक्त नवीन पासपोर्ट आला की नंबर बदलतो, तेव्हा जुना नंबर टाकून दिलेले सगळे फॉर्म परत मागून घ्या आणि नवीन नंबर घालून द्या.